'मूळ' नावाचा फोल्डर

हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की शेवटी एक जाडजूड दार लागायचं. आत फोम लावलेल्या भिंती, एक खुर्ची, एक माइक, आणि काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसलेला मामा.

मामा खरं तर एकाच मुलीचा मामा. पण भाची लहान असताना शाळा सुटली की आईचं दुकान बंद होईपर्यंत इथेच येऊन बसायची, मामा हे काय, मामा ते काय करून डोकं खायची, आणि ते ऐकून ऐकून आधी सिस्टर, मग लिफ्टवाला, मग मोठे डॉक्टर, सगळेच त्याला मामा म्हणायला लागले. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं.

आधी तो सभांमध्ये माइक लावायचा. हॉस्पिटलने त्याला वरच्या हॉलचे स्पीकर सांभाळायला घेतलं. मग घशाच्या विभागातल्या मॅडमनी एक नवीन काम काढलं. घशाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये काही जणांचं स्वरयंत्रच काढून टाकावं लागतं, त्यानंतर माणूस जगतो, जेवतो, हसतोसुद्धा, पण आवाज कायमचा जातो. मॅडम म्हणाल्या, जायच्या आधी तो साठवून ठेवू. आज ना उद्या अशी मशिनं येतील की साठवलेल्या वाक्यांवरून त्या माणसाचा आवाज पुन्हा तयार करतील, मग तो काहीही टाइप करेल आणि ते त्याच्याच आवाजात ऐकू येईल. फक्त भरपूर वाक्यं पाहिजेत, स्वच्छ पाहिजेत.

तर ऑपरेशनच्या आधी माणसं या खोलीत यायची आणि वहीतली बाराशे वाक्यं वाचायची. घाबरलेली असायची. मामा त्यांना पाणी द्यायचा, खोकला आला की थांबायचा, म्हणायचा घाई नाही, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. एका निवृत्त कंडक्टरने हट्ट धरला की माझ्या शिव्या पण भरून घ्या, नाहीतर पुढे मी बोलतोय असं घरात कुणाला पटणारच नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि परवानगी दिली. मामाने त्या एकवीस शिव्या वेगळ्या फाइलमध्ये, नीट नंबर टाकून ठेवल्या.

नऊ वर्षांत दोनशे एकतीस माणसं झाली.

आता हे सगळे आवाज ठेवायचे कुठे आणि सापडायचे कसे, यावरून सुरुवातीला विभागात रोज भांडण. डॉक्टरांच्या खोल्यांत विंडोज. मॅडमचा मॅक, स्वतःचा, घरून आणलेला, त्याला कुणी बोटही लावायचं नाही. आणि आवाज ज्या सर्व्हरवर होते तो लिनक्सचा, कारण एक जुना इंजिनियर नोकरी सोडून जाताना तो बसवून गेला होता आणि मामासाठी एका वहीत बारा पानं लिहून गेला होता. मामाचं कॉम्प्युटरचं सगळं शिक्षण म्हणजे ती बारा पानं.

डॉक्टरांना पेशंटच्या नावाने फाइल पाहिजे. मॅडमना वाक्याच्या नंबराने पाहिजे, म्हणजे चाळीसावं वाक्य सगळ्यांचं एका जागी. डॉक्टर आपापले शॉर्टकट बनवायचे, ते मॅकवर उघडायचे नाहीत. मॅडम मॅकवर त्यांच्या पद्धतीच्या खुणा करून ठेवायच्या, त्या विंडोजवर कचऱ्यासारख्या दिसायच्या, आणि एका डॉक्टरने एकदा खरंच कचरा समजून सगळ्या उडवल्या. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, निरोप मामामार्फत. शेवटी जो तो स्वतःसाठी कॉप्या काढायला लागला, एकाच माणसाचा आवाज चार ठिकाणी, आणि डिस्क फुगून बसली.

मामाने वही काढली. नवव्या पानावर उपाय सापडला. त्याचं नाव सिम्बॉलिक लिंक.

गोष्ट अगदी साधी आहे. खरी फाइल एकदाच ठेवायची, एका फोल्डरमध्ये, मामाने त्याला नाव दिलं 'मूळ'. बाकी सगळीकडे फक्त लिंक, म्हणजे पत्ता. दुकान हललं की बंद शटरवर कागद चिकटवतात ना, मागच्या गल्लीत या म्हणून, तसं. फरक एवढाच की सर्व्हर गिऱ्हाइकाला कागद वाचायला लावत नाही, त्याचा हात धरून थेट मागच्या गल्लीत नेऊन उभं करतो. विंडोजवाल्याला पत्ताही लागत नाही की आपण कागदावर क्लिक केलंय, मॅकवाल्यालाही नाही. दोघांना वाटतं वस्तू इथेच आहे.

तीन आठवडे बसून मामाने फोल्डरात फोल्डर अशी दोन झाडं उभी केली, एक नावांचं, एक वाक्यांचं. भांडण संपलं. मोठे डॉक्टर खास खाली येऊन म्हणाले, मामा, तुम्ही इंजिनियर का नाही झालात? मामा लाजला, पण त्या दिवशी घरी जाताना ताईच्या दुकानात शिरून त्याने अर्धा तास लिंक म्हणजे काय ते तिला समजावलं. ताई बटणं मोजत होती. म्हणाली, म्हणजे एक वस्तू आणि दहा चिठ्ठ्या. एवढंच ना? मग अर्धा तास कशाला खाल्लास माझा?

पुढे चारेक वर्षांपूर्वी एका दुपारी, आत एक बाई वाचत असताना, डिस्क भरली. रेकॉर्डिंग मध्येच थांबलं. बाई घाबरली, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. मामाने दुसरी डिस्क जोडली, पंधरा मिनिटांत 'मूळ' अख्खा तिकडे हलवला, आणि जुन्या जागी 'मूळ' नावाचीच एक लिंक ठेवून दिली. सगळं पहिल्यासारखं चालायला लागलं. मामाने मनात म्हटलं, हे तात्पुरतं, रविवारी नीट करू.

तो रविवार कधी आलाच नाही. चालतंय ना सगळं, मग कशाला हात लावा.

*

ताई मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. तिचं बटणं, दोरे, लेस, चेन यांचं दुकान, दहा बाय आठचं, भिंतभर बरण्या. नवरा भाची दीड वर्षाची असतानाच गेला, तेव्हापासून दुकान आणि पोरगी दोन्ही एकटीने ओढलं. आणि ते जास्त करून आवाजावर ओढलं. खरखरीत, भरदार आवाज, समोरच्या फुटपाथवरच्या गिऱ्हाइकाला दुकानातून ऐकू जायचा की तो निळा दोरा तुमच्या कापडाला जाणार नाही, उगाच घेऊ नका. माणसं हसत रस्ता ओलांडून यायची आणि दुसरा निळा घेऊन जायची.

तो आवाज बसला. चार महिने ती म्हणत राहिली, दोऱ्यांची धूळ आहे, जाईल. मामाच तिला ओढत वर घेऊन गेला. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि मामाला बाजूला घेतलं, आणि मामाला काय ते ऐकायच्या आधीच कळलं, कारण असं बाजूला घेतलेली माणसं तो रोज बघायचा.

ऑपरेशनला दहा दिवस होते. नऊ दिवस ताई खाली येऊन बसली. आधीच घसा दुखत होता, त्यात ती वाक्यांवरच चिडायची. आज हवामान आल्हाददायक आहे, असं एक वाक्य होतं, तिथे ती अडून बसली.

"हे कोण बोलतं असं?"

"वाच ना ताई."

"आल्हाददायक म्हणणारा एक माणूस दाखव मला आधी. मग वाचते."

शेवटी वाचलं, आणि शेवटच्या शब्दावर स्वतःच फिस्सकन हसली. मामाने ते हसू कापलं नाही, तसंच राहू दिलं.

वहीतली बाराशे झाल्यावर ती म्हणाली, आता माझी घे. मग तिने स्वतःची तीनशे वाक्यं सांगितली. दुकानातली होती, मामाला ओरडायची होती, पण बरीचशी भाचीसाठी. तिला मारायच्या हाकाच पंधरा होत्या. रागाची वेगळी, लाडाची वेगळी, पोरगी आंघोळीला जाऊन तिथेच झोपली की मारायची ती वेगळी. पोरीच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हणायचं वाक्य, पोरगी कुणाच्या प्रेमात पडली तर म्हणायचं, पोरगी आई झाली तर म्हणायचं. तेव्हा भाची चौदा वर्षांची होती. मामा काचेच्या अलीकडे मान खाली घालून मीटरचा काटा बघत बसला. त्याने वर बघितलं असतं तर रेकॉर्डिंग बिघडलं असतं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई वाचली. गळ्याला एक भोक, त्यावर रुमाल, आणि हॉस्पिटलने दिलेला एक टॅबलेट ज्यात टाइप केलं की एक तयार बाई बोलायची, गोड, गुळगुळीत. ताईने तो दुकानात एकदाच वापरला. एक गिऱ्हाईक बाई हसून म्हणाली, अगंबाई, ताई बातम्या द्यायला लागल्या की काय. वाईट मनाने नव्हती म्हणाली. पण ताईने टॅबलेट लेसच्या खणात टाकला तो टाकलाच. तेव्हापासून पाटीवर लिहायचं, बोटांनी आकडे दाखवायचे. कुणी विचारलं तर लिहायची, माझा येतोय. तीन वर्षं ती हेच लिहीत होती. माझा येतोय.

आणि मामा दर शनिवारी बॅकअप घ्यायचा आणि मनात म्हणायचा, आहे, जागच्या जागी आहे.

*

मग खरोखरच ते मशीन आलं. आवाज बनवणाऱ्या कंपनीचा नवा सर्व्हर, आणि त्यांचा एक इंजिनियर, तो महिन्यातून दोनच दिवस यायचा, सोमवार आणि मंगळवार. मॅडम म्हणाल्या, मामा, पहिला नंबर तुमच्या ताईंचा. मामाने हे ताईला सांगितलं तेव्हा ती पाटी शोधायला लागली, ती हातातच होती. त्या दिवशी तिने दुकान अर्धा तास आधी बंद केलं.

सोमवारपर्यंत सगळं तयार झालं नाही तर पुढचा महिना. मामाला पुढचा महिना नको होता. तीन वर्षं थांबला होता, पण आता चार आठवडे त्याला जड वाटत होते.

बुधवारी त्याने नवी डिस्क जुन्या सर्व्हरला जोडली आणि सगळं कॉपी करायला लावलं, नावांचं झाड, वाक्यांचं झाड, 'मूळ', सगळं. वहीत लिहिल्याप्रमाणे, लिंक असेल तिथे लिंकच ठेवायची, नाहीतर एका आवाजाच्या पुन्हा दहा कॉप्या होतील. अकरा मिनिटांत झालं. मामाला वाटलं, आजकालच्या डिस्क म्हणजे कमाल आहे.

तो निष्काळजी नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. त्याने नावं मोजली, दोनशे एकतीस. ताईच्या फोल्डरमधल्या फाइली मोजल्या, पंधराशे. मग हेडफोन लावून नव्या डिस्कवरूनच, मुद्दाम नव्या डिस्कवरून, तिचं हवामानाचं वाक्य लावलं. आल्हाददायक, आणि मग ते हसू. स्वच्छ. मग कंडक्टरची एक शिवी लावली, तीही खणखणीत वाजली. मामा एकटाच हसला.

मॅडम म्हणाल्या, जुना सर्व्हर राहू दे ना महिनाभर कोपऱ्यात. मामा म्हणाला, मॅडम, हे पेशंटचे आवाज आहेत, असे कोपऱ्यात ठेवायचे नसतात, नियम आहे. आणि नियम होता. जुन्या डिस्क तशाच टाकायच्या नाहीत, त्यांना दोन साक्षीदारांसमोर ड्रिलने भोकं पाडायची, फोटो काढायचा, सही करायची.

गुरुवारी सकाळी सुतारकामाच्या खोलीत मामाने स्वतःच्या हाताने ड्रिल धरलं. दोन डिस्क, प्रत्येकी तीन भोकं. पत्र्याचा कीस उडून त्याच्या शर्टावर पडला. त्याने तो झटकला आणि सही केली.

*

सोमवारी इंजिनियरने डिस्क नव्या सर्व्हरला लावली, आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा फोल्डर उघडला, आणि म्हणाला, मामा, इथे काहीच नाहीये.

मामा म्हणाला, नीट बघा, नावांचा फोल्डर उघडा.

उघडला. ताईचं नाव होतं. आत रिकामं.

विंडोजवर रिकामं दिसत होतं. मॅडमनी तोच फोल्डर आपल्या मॅकवर उघडून बघितला, तिथे पंधराशेच्या पंधराशे नावं ओळीने दिसत होती, पण एकही उघडेना. क्लिक केलं की एकच उत्तर, मूळ वस्तू सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, बघा, आहेत की नावं, काहीतरी सेटिंग असेल. इंजिनियर म्हणाला, हो, परमिशनचं असेल. दोघं वाकून वाकून बघत होते आणि मामा त्यांच्या मागे उभा होता.

त्याने सर्व्हरला आज्ञा टाइप करायची काळी स्क्रीन उघडली आणि 'मूळ' काय आहे ते विचारलं. एक ओळ आली, लाल अक्षरात. 'मूळ', पुढे बाण, आणि बाणापुढे दुसऱ्या डिस्कचा पत्ता. गुरुवारी भोकं पाडलेल्या त्या डिस्कचा.

मग त्याने अख्ख्या कॉपीचं वजन बघितलं. नऊ वर्षं, दोनशे एकतीस माणसं, आणि सगळं मिळून एखाद्या फोटोएवढं.

पण बुधवारी वाजलं होतं की. मी ऐकलंय, तो म्हणत राहिला, मी या कानांनी ऐकलंय. आणि म्हणतानाच त्याला कळलं. बुधवारी नवी डिस्क जुन्या सर्व्हरलाच जोडलेली होती. चिठ्ठीवर पत्ता होता, आणि पत्त्यावर वस्तू होती, अजून होती. वाजत होतं ते नव्या डिस्कवरचं नव्हतंच. त्याने कॉपी तपासली नव्हती, त्याने मूळच ऐकलं होतं, शेवटचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला भोकं पाडली.

शनिवारचे बॅकअप काढले. तेही तसेच. चार वर्षांपूर्वी 'मूळ' हलवल्यावर पुढच्याच शनिवारी बॅकअपने अगदी इमानदारीत आधीचा खरा फोल्डर पुसला होता आणि तिथेही लिंक ठेवली होती. म्हणजे चार वर्षं, दर शनिवारी, मामा पत्त्यांचा बॅकअप घेत होता.

मॅडम खुर्चीत बसल्या. मग मॅडम हळूच म्हणाल्या, मी म्हटलं होतं ना मामा, महिनाभर राहू दे, आणि लगेच म्हणाल्या, सॉरी, मला असं बोलायचं नव्हतं. पण त्या खरंच म्हणाल्या होत्या.

पुढचे चार दिवस मामाचे कसे गेले ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. भंगारच्या पेटीतून त्याने त्या दोन डिस्क शोधून काढल्या, बोटं कापून घेतली. डिस्कमधून गेलेलं परत काढून देणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या माणसाने डिस्क खिडकीसमोर धरली, भोकातून बाहेरचा रस्ता बघितला, आणि कागदात परत गुंडाळून दिली. पैसे विचारले तर नको म्हणाला.

मग घरातली कपाटं, जुने फोन. ताई फोटो काढणारी होती, फोटोत येणारी नव्हती, आणि व्हिडिओ चालू झाला की गप्प बसायची. भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमाच्या एका व्हिडिओत मागून तिचं हसू होतं, त्यावर टाळ्या. एकात ती मिक्सर चालू असताना काहीतरी ओरडत होती. मामाच्या फोनमध्ये नऊ सेकंदांचा एक निरोप, येताना काळ्या दोऱ्याची दोन रिळं आण, आणि विसरलास तर घरात घेणार नाही. सगळं गोळा करून एक मिनिट चाळीस सेकंद. इंजिनियर मुद्दाम आणखी दोन दिवस थांबला होता, त्याने ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला, "बनेल काहीतरी, मामा. पण मी खोटं नाही बोलणार. ते त्या नसतील. त्यांच्यासारखं कुणीतरी असेल." परत एक परकी बाई, एवढाच त्याचा अर्थ.

*

शुक्रवारी दुपारी तो दुकानात गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला, ताईने काहीच विचारलं नव्हतं, आणि त्यावरूनच त्याला कळलं होतं की तिला काहीतरी वास लागलाय. ती शर्टाची बटणं आणि कोटाची बटणं वेगळी करत होती. त्याने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. ड्रिल स्वतः धरल्याचं पण सांगितलं. मॅडम थांब म्हणत होत्या ते पण.

तिने बटणं वेगळी करणं थांबवलं नाही. मध्येच एक मुलगी चेन घ्यायला आली, हिरवट, नेमक्या रंगाची पाहिजे होती. ताईने तीन काढल्या, तिच्या कापडावर धरून बघितल्या, मधली दिली, सुटे परत केले. मुलगी गेली. मग पाटी घेतली.

तिने लिहिलं, ती तीनशे मी सगळी विसरले.

मामाने वाचलं. तिने पुसलं, खाली परत लिहिलं.

तुझ्याकडे आहेत म्हणून विसरले.

ती चिडली असती, एखादी बरणी फेकून मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती त्याच्याकडे, लहानपणी तो ताप येऊन पडला की बघायची तशी, आणि ते त्याला सहन होईना.

संध्याकाळी ताईच्या घरी भाची कॉलेजमधून आली. तिला सांगितलं. ती दारातच उभी राहिली, बॅग खांद्यावरच.

"पण तू ऐकून बघितलं होतंस ना?"

"हो."

"वाजलं होतं ना?"

"वाजलं होतं."

"मग?"

तो लिंकचं सांगायला लागला. पत्ता, वस्तू, जुनी डिस्क. अर्ध्यावर ती म्हणाली, "मामा, मला नको ते सांगू." आणि आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. ताई बाथरूमच्या दाराकडे बघत होती. तिथे जाऊन मारायची एक हाक होती तिच्याकडे, खास त्या दारासाठी. ती उठली, दाराशी गेली आणि बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. नळ बंद नाही झाला. तिने पुन्हा वाजवलं.

*

हॉस्पिटलने पत्र तयार केलं होतं. तांत्रिक कारणामुळे आपला ध्वनिसंग्रह सध्या उपलब्ध नाही, आणि आम्ही दिलगीर आहोत. दोनशे एकतीस कॉप्या, सोमवारी पोस्टात पडणार होत्या. मामाने एक कॉपी ताईला दाखवली. तिने वाचली, 'सध्या' या शब्दाखाली नखाने रेघ ओढली आणि त्याच्याकडे बघितलं. मग पाटीवर लिहिलं, फोन कर. तू कर. इथून कर.

तो म्हणाला, ताई, त्यातले साठेक जण आता नाहीयेत. घरच्यांकडे दुसरं काही नाहीये त्यांचं.

तिने पाटी परत दाखवली. तेच. फोन कर.

शनिवारी तिने दुकान उघडलं, पण शटर अर्धंच वर घेतलं. मामाने रजिस्टर काउंटरवर ठेवलं, बरण्या सरकवून. पहिला नंबर नऊ वर्षांपूर्वीचा, कुलुपं दुरुस्त करणारे एक काका. मामाला ते चांगले आठवत होते, वाचताना प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर आलं का?' विचारायचे, आणि ते 'बरोबर आलं का' पण प्रत्येक वेळी रेकॉर्ड व्हायचं. त्याने नंबर लावला. ताई समोर बसली होती, मांडीवर हात ठेवून.

फोन काकूंनी उचलला. मामाने सांगितलं, हॉस्पिटलच्या साउंडरूममधून बोलतोय.

"अहो मामा," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उजळला, "आम्ही पेपरात वाचलं, ते मशीन आलं म्हणून. हे रोज विचारतात. थांबा हं, स्पीकरवर टाकते, यांना ऐकू दे."

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची असेल. मग टेबलावर बोटं वाजवल्याचा, टकटक, टकटक, भराभर.

"ऐकू येतंय ना? हे तुम्हाला नमस्कार करतायत," काकू हसत म्हणाल्या. "आता सांगा. कधी येऊ आम्ही?"

मामाने समोर बघितलं. ताईने मान हलवली.

"काका, नाही झाला आवाज," तो म्हणाला. "माझ्या हातून गेला. सगळ्यांचे गेले. तुमचा आता कुठेच नाहीये."

टकटक थांबली. पलीकडे पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. काकू बोलल्या, आवाज तसाच ठेवायचा प्रयत्न करत.

"म्हणजे अजून थोडा उशीर होईल, असंच ना?"

मामा नाही म्हणाला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला. खाली अजून दोनशे तीस नंबर होते.